अकरा झाडांचा ताण

समुद्रकाठी मुद्दाम उन्हात जाऊन झोपणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा त्यांच्याविषयी मनात जो तुच्छभाव आला तो पुढे आठ-नऊ महिने चांगला टिकला. मी अकोल्याहून गेलेला. मे महिन्यात दुपारी जिथं कुत्रंसुद्धा नालीत शिरून बसतं, तिथून. आणि इथं दुसऱ्या देशांतून तिकीट काढून आलेली माणसं वाळूवर पालथी पडली होती, अंगाला तेल लावून, वाळवणासारखी. मधूनच कूस बदलत होती, म्हणजे दुसरी बाजूही नीट वाळावी. त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं, "फार गरम होतंय, नाही?" मी अंगातलं जाकीट काढलं नाही. म्हटलं, आमच्याकडे याला संक्रांत म्हणतात.

स्पेनच्या किनाऱ्यावरच्या त्या शहरात मी एकोणीसशे साठच्या दशकात एक वर्ष शिकायला होतो. विषय संत्रं. सरकारी शिष्यवृत्ती होती आणि वऱ्हाडातून एकच जागा. ती मला मिळाली याचं कारण माझी हुशारी असं मी बरीच वर्षं सांगत असे. खरं कारण असं की निवडलेल्या पहिल्या मुलाच्या आईनं विहिरीत उडी घ्यायची धमकी दिली आणि दुसऱ्याला कावीळ झाली.

निघण्याआधी अमरावतीत माझा सत्कार झाला. एका सभागृहात चाळीसेक लोक, सात हार आणि पाच वक्ते. उत्तरादाखल मी म्हणालो, "स्पेननं संत्र्याबाबत आपल्याकडून शिकावं असं पुष्कळ आहे." कडाडून टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत स्पेन नकाशावर बोट ठेवून दाखवील असा एकही नव्हता, आणि भाषण करणाऱ्यालाही तो देश जहाजावर चढल्यावरच नीट सापडला.

आमची बाग चांदूर बाजारजवळ. वडील शाळेत चार बुकं शिकलेले, पण संत्र्याच्या झाडाखाली उभे राहिले की डॉक्टर नाडी बघतो तसे पान बघत. बडनेऱ्याला गाडीत बसवताना ते म्हणाले, "पाय बापू, तिकडं जाऊन नुसता पायत बसू नको. त्यायले आपला ताण शिकवून ये. त्यायले येत नसंन."

ताण म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याच्या झाडाला आम्ही महिना-दीड महिना पाणी तोडतो. बुंध्याभोवतीची माती ओढून मुळ्या उघड्या करतो. झाड कासावीस होतं, पानं पिवळी पडतात, काही गळतात. मग एके दिवशी भरपूर पाणी द्यायचं. मरता मरता वाचलेलं झाड फुलांनी लदबदून जातं. कधी थांबायचं हे कळलं तर बहार, नाही कळलं तर सरपण. हे कळणं वडिलांकडे होतं. माझ्याकडे अकोल्याची शेतकीची पदवी होती.

तिथल्या विद्यार्थ्यांविषयी माझं मत पहिल्याच आठवड्यात पक्कं झालं. ही पोरं सकाळी नऊला येत, दीडपर्यंत वर्गात पेंगत, दोनला जेवत, पाचपर्यंत झोपत, आणि मग एका कपभर कॉफीवर तीन-तीन तास फुटबॉलवर भांडत. अकोल्यात आम्ही अर्ध्या चहावर देशाच्या भवितव्याची चर्चा करायचो. भवितव्यावर तिचा काही परिणाम झाला नाही हे खरं, पण विषय तरी मोठा होता. त्यांना असं मनसोक्त हिणवत मी तिसऱ्या आठवड्यापासून रोज दुपारी त्यांच्याइतकाच झोपू लागलो. चौथ्या आठवड्यात तर त्यांच्यातलाच एक जण मला उठवायला यायचा.

संत्रं ते सुरी-काट्यानं खात. ताटलीत संत्रं, एका हातात काटा, एका हातात सुरी, जसं काही ऑपरेशन चाललंय. दोष संत्र्याचाही होता. साल अशी चिकटलेली, की आमचं संत्रं जसं बोट लावताच अंगरखा काढून ठेवतं तसं तिथं काही होत नसे. मी पहिल्या जेवणात हातानं सोलायला गेलो आणि समोर बसलेल्या माणसाच्या चष्म्यावर पिचकारी मारली.

मी राहत होतो ते घर एका विधवेचं. कायम काळे कपडे, कायम हातात कलथा. ती तीन विद्यार्थ्यांना ठेवून घेई. तिला मी मनातल्या मनात मावशी म्हणायचो, आणि नंतर तोंडावरही म्हणू लागलो. तिला अर्थ कळला नाही पण सूर कळला असावा, कारण भातातले माशाचे तुकडे ती माझ्या ताटातून न सांगता काढू लागली. मावशीचा थोरला भाऊ शहराबाहेर संत्र्याची बाग करी. मावशीचा भाऊ म्हणून तो माझा मामा. साठीच्या पुढचा, ठेंगणा, डोक्यावर काळी टोपी, आणि खालच्या ओठाला चिकटलेलं विडीएवढं सिगरेटचं थोटूक, जे बोलतानाही पडत नसे. त्याचं आणि त्याच्या माणसांचं बोलणं मी इथं वऱ्हाडीत देणार आहे. तो वऱ्हाडी बोलत नव्हता हे सांगायला नको. पण शहरातले शिकलेले लोक त्याच्या बोलीला नाक मुरडत, पुण्याचे आमच्या बोलीला मुरडतात अगदी तसंच. त्याला शुद्ध मराठीत बोलायला लावणं म्हणजे त्याचा अपमान करणं होईल.

तिथल्या आमच्या शेतकी शाळेचा नियम होता, की परदेशी विद्यार्थ्यानं एका शेतकऱ्याकडे काम करायचं आणि त्या शेतकऱ्यानं त्याला झाडांची एक ओळ सांभाळायला द्यायची. मी मामाकडे गेलो. त्यानं मला पाटापलीकडची अकरा झाडांची ओळ दाखवली.

"आठ साल आधी थंडीत सारी बाग जळाली," तो म्हणाला. "उपटून फेकली. मंग ही पयली ओळ म्या लावली. खड्डे म्या खंदले, कलमाचे डोळे म्या भरले. बाकीची बाग मजुरायनं लावली, हे नाई. शाळेनं सांगतलं का पोट्ट्याले ओळ दे, तं हेच देतो. मंग तू नीट राहशीन."

मी झाडं बघितली. एप्रिल चालू होता. बाकीच्या बागेत फुलांचा वास मावत नव्हता, आणि या ओळीत मात्र पानंच पानं.

"यंदा इले फूल नाई आलं," मामा म्हणाला. "गेल्या साली लय आलं होतं. झाडायले बी सुट्टी लागते."

"मी आणून दाखवतो," मी म्हणालो. "जूनमध्ये."

मामानं माझ्याकडे पाहिलं. थोटूक या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलं. "आलं तं आलं," तो म्हणाला. "फक्त मारू नको."

ही त्याची एकच अट होती. एवढी सोपी अट ऐकून मला त्याची कीव आली.

पाणी तिथं विहिरीचं नव्हतं, पाटाचं होतं, आणि पाळीनं येई. दहा-अकरा दिवसांनी एकेकाची पाळी. पाटकरी सायकलवर येऊन सांगे, आपण आपल्या दांडाच्या तोंडाची फळी उचलायची, झाडांची आळी भरून घ्यायची, फळी टाकायची. माझ्या ओळीला वेगळी फळी होती. एप्रिलच्या शेवटी पाटकरी आला.

"उचल फळी."

"नको," मी म्हणालो.

"काहून?"

ताणाला स्पॅनिश शब्द मला माहीत नव्हता. म्हणालो, "झाडांना तहान लावतोय."

पाटकऱ्यानं मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "त्याची ओळ, तो पायीन." एका पाळीनं झाड मरत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यानंतर आठवडाभरातच त्याची कंबर धरली आणि तो महिनाभर खाटेवरून उठला नाही. म्हणजे त्या बागेतलं एकमेव शहाणं माणूस बाजूला झालं आणि मैदान मला मोकळं मिळालं.

मी फावडं घेऊन मुळ्या उघड्या केल्या. दुसरी पाळी आली, नको म्हणालो. तिसरी आली, तेव्हा पाटकरी सायकलवरून उतरला आणि त्यानं मला तीनदा विचारलं, निकाह लावताना काझी विचारतो तसं सावकाश. शेजारच्या दोन शेतकऱ्यांना त्यानं हाक मारून बोलावलं होतं. मी तीनदा ठासून नको म्हणालो. ते दोघं एकमेकांकडे बघून मान हलवत निघून गेले. मी समजलो, नव्या ज्ञानापुढे जुनी माणसं नमली.

पानं मुडपू लागली होती. मला इतका आनंद झाला, की मी त्याच आठवड्यात अमरावतीच्या एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं. त्यात स्पेनच्या बागायतदारांना वऱ्हाडी ताण दाखवल्याचं लिहिलं, आणि फुलांविषयी लिहिताना भविष्यकाळ वापरायचा राहून गेला. त्यांनी ते चौकटीत छापलं. वडिलांचं पत्र आलं: "लोकं घरी येऊन पेपर दाखवून राहिले. फुलं आली हे बेस झालं. पण तुही जमीन कशी हाये ते काई लिवलं नाई. काळी हाये का रेताड?"

हे वाचताना मी मावशीच्या व्हरांड्यात बसलो होतो. उठलो, आणि शहराबाहेर जाणारी ट्राम पकडली.

जमीन रेताड होती. शाळेतल्या पहिल्या व्याख्यानाच्या पहिल्या पानावर ते मी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेलं आहे. आमची काळी माती चाळीस दिवस ओल पोटात धरते. समुद्राकाठची ही वाळू बारा दिवस धरत नाही. त्या व्याख्यानाच्या वेळी प्राध्यापकाच्या विजारीची इस्त्री किती भिकार आहे एवढंच मी बघत होतो. साप्ताहिकाला पत्र टाकल्यापासून मी बागेकडे फिरकलो नव्हतो. ओळीजवळ पोहोचलो तेव्हा पानं मुडपलेली नव्हती, कुरकुरीत झाली होती. हात लावला की हातात येत.

मी फळीकडे धावलो. फळीवर साखळी होती. पाटकरी दूरवर दिसला, मी त्याला गाठलं.

"पाणी पाहिजे. आत्ता."

"तुही पाळी खालच्या शेतवाल्याले गेली," तो शांतपणे म्हणाला. "तीनदा नाई म्हनलं, दोन मान्सांसमोर. आता हंगाम संपेलोक फळी बंद."

"हे कुठं लिहिलंय?"

"लिवाचं कायले? साऱ्यायले मालूम हाये."

मी कुंपणाला टेकून बसलो. मग एक विचार आला, आणि मी अक्षरशः हसलो. सामानात वडिलांनी कोंबलेलं पंचांग होतं. जूनचा पहिला आठवडा संपत आला होता. मृग लागणार. घरी येऊन मावशीला विचारलं, की इथं पाऊस साधारण कोणत्या तारखेला येतो.

"सप्टेंबरात," ती बटाटे सोलत म्हणाली. "काहून?"

अरबी समुद्राचा पाऊस भूमध्य समुद्रावर येत नाही हे पाचवीच्या भूगोलात आहे. ती पाचवी मी पहिल्या क्रमांकानं पास झालो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी मामाच्या घरामागच्या हौदातून बादल्या वाहू लागलो. एका झाडाला वीस बादल्या घातल्या तर वाळू फक्त रंग बदले. त्याच्याही दुसऱ्या दिवशी दुपारी हातांना फोड, डोक्याला उपरणं, आणि समोर काठी टेकत मामा. अंथरुणातून उठून पहिल्यांदाच बाहेर आलेला. तो ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. प्रत्येक झाडापाशी थांबून नखानं फांदीची साल खरवडायचा, खाली हिरवं आहे का बघायचा. अकरा वेळा. मी बादली धरून उभा.

"मुळ्या काहून उघड्या केल्या?"

मी सांगितलं. ताण, बहार, वडील, वऱ्हाड, सगळं. मला वाटतं सत्काराचंही सांगितलं.

"तुह्या बापाच्या जमिनीत हे होत असंन," मामा म्हणाला. "तुह्या बापाले अक्कल असंन. ती तू सोबत काहून नाई आणली?"

गुरुवारी तो मला घेऊन शहरात गेला. तिथं मोठ्या देवळाच्या दारात दर गुरुवारी भर बाराला पाण्याचे पंच बसत. सगळे शेतकरी, अंगात काळे डगले, ना कागद ना वकील. ज्याची तक्रार असेल त्यानं उभं राहून सांगायचं. बोलायची पाळी कोणाची हे मुख्य पंच पायानं दाखवी. आमच्याकडे कोणी माझ्याकडे असा पाय केला असता तर त्याच दिवशी पोलीस चौकी झाली असती. इथं मी त्या पायाची वाट बघत होतो.

पाय मामाकडे वळला.

"अकरा झाडं हायेत," मामा म्हणाला. "तीन पाळ्या पाणी नाई भेटलं. एक पाळी द्या."

"पाणी नाई भेटलं का नाई घेतलं?"

"नाई घेतलं."

"कोनं?"

मी पुढे झालो आणि तोंड उघडलं. पाय माझ्याकडे नव्हता. पंचानं माझ्याकडे न बघता हात वर केला, आणि मी उघडं तोंड तसंच मिटलं.

"या पोट्ट्यानं," मामा म्हणाला. "शिकेल हाये."

पंचांत एक-दोघं हसले. त्यातल्या अगदी म्हाताऱ्यानं विचारलं, "अन् तू काय करून राहिला होता?"

"खाटेवर होतो. पन पयल्या पाळीले उभा होतो. म्या त्याले ओळ देल्ली. तं गाढव म्याच."

त्यांनी डोकी जवळ केली. दोन मिनिटं लागली असतील. मग मुख्य पंच म्हणाला, "खालच्या मान्साचं झाल्यावर जे उरंन ते एक पाळी झाडायले द्या. झाडायले, याले नाई." बस. पुढची तक्रार उभी राहिली. मला बोलूच दिलं नाही याचा राग मला घरी पोहोचेपर्यंत होता, इतका मी तेव्हाही कोडगा होतो.

उरलेलं पाणी शनिवारी आलं. मामानं फळी मला उचलू दिली नाही. मुळ्यांवर माती मात्र माझ्याकडून ओढून घेतली, प्रत्येक झाडाची, गुडघ्यांवर बसून, हातानं. पंधरा दिवसांनी चार झाडं उघड मेलेली दिसली. ती मी खणून काढली. मामा खुर्ची टाकून बसला होता. प्रत्येक झाड आडवं झालं की तो उठे, जिथं त्यानं कलमाचा डोळा भरला होता ती जागा अंगठ्यानं चाचपून बघे, आणि पुन्हा बसे. या कामाला मला चार दिवस लागले. तेवढ्या वेळात तो माझ्याशी एकच वाक्य बोलला, "मुळ्या तोडू नको, पुरी काढ."

सात वाचली. जुलैत त्यांना बारीक पालवी आली. आणि ऑगस्टच्या मध्यात एका सकाळी मी बागेत गेलो, तर सातही झाडं पांढरी.

खोटं कशाला सांगू, मी नाचलो. ताण लागू पडला होता! सगळ्या किनाऱ्यावर ऑगस्टात फुलं असलेली सात झाडं होती आणि ती माझी होती. अमरावतीला छापून आलेलं आता खरं ठरलं होतं, फक्त अडीच महिने उशिरा. प्राध्यापकांना बोलवावं, फोटो काढावा, पंचांना देवळाच्या दारात नेऊन फुलांची फांदी दाखवावी, असं सगळं मनात एकदम आलं. मी मामाला हाका मारत आणायला गेलो.

मामा आला. त्यानं एक फांदी खाली ओढली. फुलांआड पानं किती आहेत ते मोजल्यासारखं बघितलं. पानं फार नव्हती.

"आली ना?" मी म्हणालो.

"आली," तो म्हणाला. "तुही गोष्ट खरी हाये. आता तोड."

"काय?"

"फुलं तोड. सारी. अंगात जीव नाई इच्या, अन् फळं पोसत बसली तं हिवाळ्यात मरंन. झाडाले जगाचं हाये. दाखवाचं तुले हाये."

मी वाद घातला. निम्मी ठेवू म्हणालो. एका झाडावर ठेवू म्हणालो. एक फांदी, फोटोपुरती. त्यानं ओठावरचं थोटूक काढून हातात घेतलं, जे मी आजवर कधी पाहिलं नव्हतं, आणि वाट बघत उभा राहिला.

दुपारपर्यंत मी तीन झाडं संपवली, दिवस मावळायच्या आत उरलेली चार. फुलं देठापाशी नखानं खुडावी लागत, नाहीतर पुढच्या कोंबाचा डोळा दुखावतो. ते मला येत होतं. वडिलांनी शिकवलं होतं. मामा मधून येऊन फांद्या उलटून बघे. एका ठिकाणी पानाआड चार फुलं राहिली होती. ती चुकून राहिलेली नव्हती. त्यानं बोटानं दाखवली, मी खुडली.

संध्याकाळी जेवायला बसलो. मावशीनं सूप वाढता वाढता माझा हात धरला, नाकाशी नेला.

"कायचा वास येऊन राहिला?"

"साबणाचा," मी म्हणालो.

तिनं हात सोडला आणि पुढच्याला वाढायला गेली. तो बिनवासाचा साबण तिनंच आणून ठेवलेला होता.